मिशनची जागा: वसाहतकालीन आफ्रिकेवरील कादंबऱ्यांच्या वाचनाची दुसरी नोंद

मागील नोंदीत मी पाद्र्यांच्या स्वभावचित्रणावर भर दिला होता. या टप्प्यात तो बाजूला ठेवून, मिशनला गावात जमीन कोणती मिळते आणि त्या जमिनीशी ते कसे वागते, एवढ्याच अंगाने वाचन केले. सांस्कृतिक अहंकार पाद्र्याच्या प्रवचनात जितका दिसतो, त्याहून अधिक स्पष्टपणे तो वाफे, वाट आणि रस्ता यांच्या बाबतीतल्या त्याच्या वर्तनात दिसतो, असे माझे मत झाले आहे.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत म्बांटा गावचे वडीलधारे मिशनऱ्यांना मुद्दाम ‘दुष्ट अरण्या’तील जागा देतात, कारण भीषण रोगांनी मेलेल्यांना जिथे पुरले जाते तिथे कोणी जिवंत राहणार नाही, अशी त्यांची खात्री असते. देवांनी दिलेली मुदत अठ्ठावीस दिवसांची. ती उलटते, पाहुणे धडधाकट राहतात आणि मिशनकडे नव्याने माणसे येऊ लागतात. त्यांतली पहिली स्त्री न्नेका हिची जुळी मुले प्रत्येक वेळी अशुभ मानून जन्मताच टाकून देण्यात आली होती. इथे अहंकार दोन्ही बाजूंना आहे, आणि मिशनला खरा आधार मिळतो तो गावानेच झिडकारलेल्या माणसांचा. बाबा पदमनजी यांनी धर्मांतरानंतर लिहिलेली ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ज्यांनी वाचली आहे, त्यांना विधवांच्या दुःखातून वाट काढणारा हा मार्ग अगदीच अनोळखी वाटणार नाही.

याच लेखकाची ‘डेड मेन्स पाथ’ ही १९५३ सालची छोटी कथा मला या टप्प्यातली सर्वांत धारदार वाटली, कारण तिच्यात उद्दाम माणूस गोरा नाही. मिशनच्या शाळेचा तरुण, उत्साही आफ्रिकी मुख्याध्यापक मायकेल ओबी, शाळेच्या आवारातून देवस्थान आणि दफनभूमी यांना जोडणारी जुनी पायवाट काटेरी तार लावून बंद करतो. गावचा पुजारी येऊन अत्यंत सौम्यपणे समजावतो, की मृत पूर्वज याच वाटेने जातात आणि जन्म घेणारी मुलेही याच वाटेने येतात; ओबी त्याची चेष्टाच करतो. पुढे गावातली एक स्त्री बाळंतपणात दगावते; वाट अडवल्याने पूर्वज कोपले असे मानले जाते, आणि शाळेचे कुंपण उपटले जाऊन एक इमारतही पाडली जाते. नेमका त्याच दिवशी आलेला गोरा पर्यवेक्षक काही अंशी दोष ओबीच्या चुकीच्या उत्साहावर टाकणारा कडवट अहवाल लिहितो. ज्यांच्या नजरेत भरावे म्हणून ओबीने ही सारी धडपड केली, त्यांनीच त्याला मोडीत काढावे, हा अचेबे यांचा उपरोध चार-पाच पानांत बसतो.

बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘द पॉयझनवुड बायबल’ (१९९८) मध्ये हीच गोष्ट बागेवर उतरते. काँगोतील किलांगा गावात १९५९ साली आलेला अमेरिकी बाप्टिस्ट पाद्री नेथन प्राइस घरच्या बियाण्यांची बाग सपाट जमिनीत लावतो. घरात मदतीला असलेली स्थानिक बाई मामा टाटाबा उंचवट्यांचे वाफे करून देते, तर तो ते पुन्हा सपाट करतो आणि पावसात सर्व वाहून जाते. पुढे वाफे उंच करूनही वेली नुसत्या फोफावतात; परागीभवन करणारे त्यांचे कीटकच तिथे नसल्याने फळ धरत नाही. प्रसंग चांगला आहे, मात्र लेखिका प्राइसला एकदाही आतून बोलू देत नाही. कथन पत्नी आणि मुलींकडेच आहे, त्यामुळे तो खलपुरुषाच्या फार जवळ जातो.

कॅमेरूनचे लेखक मोंगो बेती यांची बोम्बा मिशनवरील १९५६ सालची फ्रेंच कादंबरी (मी ती इंग्रजी अनुवादात वाचली) या उणिवेतून सुटते, कारण तिच्यातला फादर ड्रुमाँ हळूहळू शंका घेऊ लागतो. ताला प्रदेशातील लोकांना धडा शिकवावा म्हणून त्याने तीन वर्षे तिकडे फिरकणे टाळलेले असते. परत जाऊन पाहतो तर त्यांचे काहीच अडलेले नसते. मग प्रशासक विदाल त्याला आनंदाने सांगतो, की वेठबिगारीने रस्ता होणार आहे, आणि त्या जाचापायी लोक पुन्हा मिशनकडे धावतील. हा हिशेब ऐकून फादर हादरतो. वाचकाला कादंबरीतला उपहास हसवत असतानाच इथे मिशन आणि वसाहतीतली गोरी सत्ता यांचे साटेलोटे उघडे पडते.

सध्या अचेबे यांची ‘ॲरो ऑफ गॉड’ (१९६४) पुन्हा हाती घेतली आहे. पुजारी एझेउलू याच्या हट्टापायी सुरणासारख्या यामची कापणी लांबते आणि गाव उपासमारीच्या उंबरठ्यावर येते, तेव्हा मिशन लोकांना ख्रिस्ती देवाला नवे याम वाहण्याचा मार्ग देते. या संकटात एझेउलूच्या देवाचा हट्ट किती आणि खुद्द पुजाऱ्याचा किती, हे ठरवण्यासाठी इंग्रज प्रशासनाने त्याला ठेवलेल्या कैदेची प्रकरणे संथपणे वाचत आहे.