ग्लासाखालची नोट

रविवार, रात्री

भांडून गेला असता तर मी आत्ता झोपलेले असते.

रविवार म्हणजे खंडोबाचा वार. साडेतीनच्या सुमाराला गड उतरून आलेल्यांची झुंबड, कपाळापासून कोपरापर्यंत पिवळे झालेले लोक, रसवंतीची तिन्ही बाकडी भरलेली. त्यात हा एकटा. हेल्मेट मांडीवर, रुमाल गळ्यात. "एक फुल, बर्फ कमी." दिला. मी उसाची पुढची कांडी दुमडून, मध्ये आलं-लिंबू घालून चरकात सारत होते, तेवढ्यात दिसलं. ग्लासाच्या काठावर एक फुलोरी, म्हणजे ती बारकी मधमाशी, आतल्या अंगाने उतरत उतरत फेसाला टेकलेली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग ग्लास खाली ठेवला, हळू, सांडू नये असा. खिशातून विसाची नोट काढली, ग्लासाखाली सरकवली, हेल्मेट चढवलं. मी "अहो थांबा, दुसरा देते" म्हणेस्तोवर गाडी रस्त्याला लागली होती.

झालं एवढंच. पिंट्याला तर पत्ताही लागला नाही. तो घुंगरांच्या तालावर शिट्टी वाजवत चिपाड ओढत होता.

ह्याहून वाईट माणसं येऊन गेलीत माझ्याकडे. एक बाई "असल्या ठिकाणी पोरांना काय पाजायचं" म्हणत अख्खं बाकडं उठवून घेऊन गेल्या होत्या. कॉलेजची पोरं मोबाईल रोखून "मावशी, माशीचे वेगळे पैसे का?" विचारतात. एका आजोबांनी तर ग्लासात पडलेली बोटाने अलगद काढून बाकड्याच्या कडेला वाळत ठेवली आणि रस घटाघट पिऊन टाकला. ह्या सगळ्यांना माझ्याकडे उत्तर आहे. बाईंना आहे, पोरांना तर दोन आहेत. तोंडाने मी कुणाला हार जात नाही, हे ह्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

ह्याने उत्तराला जागाच ठेवली नाही. पैसे न देता गेला असता तर फुकट्या म्हणून दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. ओरडला असता तर मीही ओरडले असते. पण न पिता पैसे ठेवून जायचं म्हणजे काय? कुणी पाहुणा जेवणाच्या ताटाला हात न लावता आहेराचं पाकीट ठेवून उठावा तसं वाटलं मला.

आणि वर, मी काहीच करत नाही असं वाटलं असेल त्याला. पहाटे उठून चरक उकळत्या पाण्याने धुते. दिवसातून दोनदा चिपाड मागच्या वावरात नेऊन टाकायला लावते, कारण ओल्या चिपाडावर तर ह्या थव्याने बसतात. ढिगावर ओलं गोणपाट. पातेल्यावर कापड, गाळणीवर झाकण, बर्फाच्या लादीवर भुसा आणि पोतं. टेबल फॅन मी माझ्या तोंडावर घेत नाही, काउंटरवर आडवा सोडते, कारण वाऱ्यात त्यांना नीट बसता येत नाही. म्हणजे उकाड्यात मी घामाने निथळते आणि वारा खातात ग्लास. फिनेलने पुसून पाहिलं, तर माश्यांआधी गिऱ्हाईक पळालं. शेणीचा धूर केला, तर लोक डोळे चोळत उठले, आणि हे आतून खोकायला लागले. फवारा मारायचा तर प्रश्नच नाही, खायच्या जागेत विष मारणारी बाई मी नाही. मागे भिंतीपाशी पसरट थाळीत पाणी घातलेला रस ठेवते, त्यात चार काड्या टाकते, बुडू नयेत म्हणून. तिथे येतात. तिथेही येतात आणि इथेही येतात.

करंज फुललाय, कडुनिंब फुललाय, तरी ह्यांना माझंच दुकान लागतं. चूक त्यांचीही नाही. उसाच्या रसात पंधरा टक्के साखर, तीही बसल्या जागी, पातेलं भरून. एवढ्यासाठी किती फुलं हिंडावी लागतील? मी असते तर मीही इथेच आले असते.

भाची ॲग्रीला आहे. तिला विचारलं होतं मागे. ती म्हणाली, मामी, त्या एकट्या येत नाहीत, एक येऊन बघून जाते आणि पोळ्यावर नाचून बाकीच्यांना सांगते, कुठल्या दिशेला, किती लांब. हे ज्याने उलगडलं त्या कार्ल फॉन फ्रिश नावाच्या माणसाला १९७३ साली नोबेल मिळालं. म्हटलं, नोबेल त्याला आणि माश्या मला. फुलोरी तर म्हणे पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर उघड्या आभाळाखाली नाचते. त्यांना वेळही कळते. काल ज्या वेळेला मिळालं त्याच वेळेला आज हजर. हे मात्र मला कुणी सांगायला नको होतं. सकाळी शटर वर जायच्या आधी पत्र्यापाशी चार-दोन घिरट्या घालत असतात, बर्फवाल्याच्याही आधी. वेळेवर येणारं माझ्याकडे तेवढंच कुणी उरलंय.

थोरल्याचा फोन आज पण नाही. असो.

तिने आणखी एक सांगितलं ते मात्र डोक्यातून जात नाही. धावपळीच्या दिवसांत कामकरी माशी दीड-दोन महिन्यांवर जगत नाही. म्हणजे महाशिवरात्रीला दुकान लावलं तेव्हा ज्यांच्याशी माझी भांडणं झाली, त्या आता नाहीतच. ह्या वेगळ्या. आणि मी मात्र दरवर्षी तीच.

हे लिहिलं आणि मलाच हसू आलं. माश्यांच्या नावाने रडायला बसले मी.

पण खरंच, तो का गेला असेल? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पैसे मिळाले ना? मग?" ह्यांचं सगळं असंच. गुडघ्याचं सांगायला गेलं तरी "मग?" शेजारच्या अंजीरवाल्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझ्याकडे निदान मधमाश्या. माझ्याकडे फुटलेल्या अंजिरावर गांधील बसते, ती तर मेल्याशिवाय नांगी टाकत नाही, परत परत मारते." आता हे काय सांत्वन झालं? पण ते खरं आहे. मधमाशी एकदाच डसते, काटा कातडीत अडकतो, ओढताना तिचंच पोट फाटतं आणि ती मरते. म्हणून मी पिंट्याला टॉवेल उगारू देत नाही. एक चिरडली की तिचा वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि बाकीच्या बिथरतात. गिऱ्हाईकाने रुमाल फिरवायला सुरुवात केली की माझा जीव जातो. गेल्या महिन्यात एका पोराला ओठापाशी डसली. मी नखाने काटा लगेच खरवडून काढला, उशीर केला तर उरलेलं विषही आत जातं. शेजारी बसलेल्या वारकऱ्यासारख्या दिसणाऱ्या बाबांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून त्यावर दाबला. पोराचं तोंड आधीच पिवळं होतं, आणखी पिवळं झालं. त्याने रडता रडता रस संपवला, आणि त्याच्या बापाने माझ्याशी यथासांग भांडण केलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली होती.

हेच तर. भांडण पचतं मला.

मग वाटलं, तो भित्रा असेल. काहींना एक माशी डसली तरी अंग सुजतं, घसा आवळतो, जीव जायची वेळ येते. तसा असेल तो, तर उठून गेला हेच बरं केलं. हा विचार आला तेव्हा जरा हलकं वाटलं. पण मग इतका हळू का ठेवला ग्लास? भिणारा माणूस टाकून पळतो. हा बघत होता तिच्याकडे. मीही बघितलंच की. फुलोरी एवढीशी असते, पोटाचा पुढचा भाग विटकरी, मागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पीत असते तेव्हा पोट आत-बाहेर होतं आणि भरत आलं की पट्ट्या एकमेकींपासून लांब सरकतात. त्याला ते दिसत असणार. किळस असलेला माणूस एवढा वेळ बघत नाही, मला नाही वाटत.

की त्याला वाटलं असेल, ही आधी आली, हिचं होऊ दे? छे. असली माणसं जेजुरी रोडला येत नाहीत. पण आजोबा आले होते की.

परवा सासवडला हॉटेलात चहाच्या कपाला कुणाच्या तरी ओठांची लाली लागलेली होती. मी कप बाजूला सारला, दहा रुपये बशीत ठेवले आणि उठले. त्या हॉटेलवाल्यावर माझा राग नव्हता, दया नव्हती, काहीच नव्हतं. बोलायचा कंटाळा आला होता, एस.टी. लागलेली होती. तोही आता डायरी लिहीत बसला असेल का माझ्या नावाने? मला नाही वाटत. त्याच्याकडे वेळ कुठला.

आमच्याच तालुक्यात डाळिंबवाले बहर धरला की मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. पैसे मोजून माश्या बोलावतात. फवारणीच्या वेळा सांभाळतात त्यांच्यासाठी. आणि इथे एक आली की विसाचा ग्लास वाया. एखाद्या बागायतदाराने माझ्याकडून न्याव्यात, मी भाडंही नाही घेणार. उलट जाताना एकेक ग्लास पाजीन.

तसा वायाही नाही गेला तो ग्लास. मी मागच्या थाळीत ओतला. पैसे त्याने भरले, प्याल्या त्या. हिशोबाला सगळं बरोबर आहे.

नोट मात्र मी गल्ल्यात टाकली नाही. कानिफनाथांच्या फोटोमागे खोचून ठेवली, परत आला तर देईन म्हणून. येणार नाही हे कळत होतं, पण ठेवली. सहाला एका कुटुंबाचे चारशे ऐंशी झाले, पाचशेची नोट, गल्ल्यात एक वीस नाही. पिंट्याने माझ्याकडे बघितलं, मी फोटोकडे. सुट्ट्यांपुढे कुणाचं काय चालतंय. काढून दिली.

पिंट्याचं म्हणणं आहे, बाहेर पाटी लावू. मी विचारलं, काय लिहायचं? तर म्हणे, "मधमाशी बसते म्हणजे रस अस्सल आहे." म्हटलं, गाढवा, त्या कोल्ड्रिंकच्या उष्ट्या बाटलीवरही बसतात. मग तो म्हणाला, प्लॅस्टिकची झाकणं आणू, वर भोक, स्ट्रॉ. त्याचा हिशोब आत्ता करत बसले होते. झाकण-स्ट्रॉ मिळून दीड रुपया जातो. ग्लास एकवीस करावा तर पुन्हा सुट्ट्यांचा घोळ, पंचवीस करावा तर समोरचा विसाला देतोच आहे. आणि घुंगराच्या तालावर प्यायचा रस स्ट्रॉने प्यायचा म्हणजे जरा... आत्याबाई असत्या तर त्यांनी चरकच बंद केला असता.

हिरव्या जाळीचं बघते. दोन बाजूंनी पडदा सोडला तर निम्म्या तरी अडतील. उद्या सासवडला जायचंच आहे, बर्फवाल्याचे मागचे द्यायचेत. त्याला सांगायला हवं की लाद्या पत्र्याच्या उन्हाच्या बाजूला उतरवू नकोस, तिकडे सकाळी ह्या असतात.