गौताळ्यात पायी फिरलो, त्याचा अनुभव

आमच्या जालन्याकडचे बरेच जण पावसाळ्यात कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात जातात, गाडीत बसूनच धबधबा बघतात, कणसं खातात आणि घरी येऊन सांगतात की जंगलात काहीच दिसलं नाही. खाली उतरून चाललं तरच दिसतं, म्हणून हे लिहितोय.

पोळा झाल्यावर गेलतो. सोबत ताईची पोरगी, नववीतली, तिला प्राण्यांचं लई वेड. पहाटेच निघालो, संभाजीनगर, वेरूळ करत कन्नडला चहा-पोहे खाल्ले. पेट्रोल अन् पाणी कन्नडलाच भरून घ्या, आत दुकान नाही अन् रेंजचाही भरवसा नाही. पुढं नाक्यावर वहीत नाव, गाडी नंबर, माणसं किती हे लिहून पावती घेतली. डिक्की उघडून दारू-प्लास्टिक आहे का बघितलं, मला तर ते बघून बरंच वाटलं. अंधार पडायच्या आत बाहेर या, असं बजावून सांगितलं.

तिथंच वनरक्षकांना म्हणलं, आम्हाला पायी फिरायचंय, कोणी माहितगार मिळेल का. त्यांनी पायवाट कुठली चालते ते सांगितलं आणि जवळच्या गावातल्या एका काकांना बोलावून घेतलं. हे नक्की करा. अभयारण्य २६० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, सातमाळ्याच्या डोंगरात, बरंचसं इकडं संभाजीनगर जिल्ह्यात अन् उरलेलं जळगावकडं उतरतं, १९८६ साली जाहीर झालेलं. बिबट्या आहे, अस्वल आहे, एकट्यानं पायवाट सोडून घुसायची जागा नाही ती.

काकांनी आधी पोरीचा लाल स्कार्फ काढायला लावला, मोबाईल सायलेंट करायला लावले आणि म्हणले, "आता बोलायचं नाही बाई, काही दिसलं तर माझ्या हाताला हात लाव." मग एवढं हळू चालले की सुरुवातीला मला वाटलं हे थकलेत का काय, पण पंधरा-वीस पावलांवरच थांबून खाली बोट दाखवलं. ओल्या मातीत ठसा होता. पोरगी म्हणली कुत्र्याचा असेल. काका खाली बसले, काडीनं न शिवता दाखवलं, बघ, नखं कुठं उमटलीत का? कुत्र्याची, कोल्ह्याची नखं मातीत उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून नुसता तळवा अन् चार बोटं. ठशाच्या काठाची माती अजून ढासळली नव्हती, म्हणजे रात्री पाऊस थांबल्यावर गेलेला असणार. पोरीनं माझा हात असा घट्ट धरला की बस.

त्यानंतर जमीन वाचायची सवयच लागली आम्हाला. एका जागी लेंड्यांचा मोठा ढीग, काही ताज्या काही वाळलेल्या, ते रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं. रोही परत परत त्याच जागी येऊन टाकतो. पुढं कातळावर पांढरी, खडूसारखी कोरडी विष्ठा, ती तरसाची, हाडं चावून खातो म्हणून चुन्यासारखी होते. हाच रोही आमच्या शेतात तूर खाऊन जातो तेव्हा शेतकरी शिव्या घालतो, मी पण घातल्यात, पण तिथं झाडीच्या कडेला एक निळसर नर उभा होता, कान हलवत, तो बघून माझ्याच्यानं नजर काढवेना.

झाडांचं पण सांगतो. आपट्यासारखं जोडपान दिसलं की पोरगी म्हणली सोनं! काका म्हणले नाही, हे अंजन, गुरं आवडीनं खातात अन् लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. सीताफळ, सलई, धावडा भरपूर, कळलावीची लाल-पिवळी फुलं कुंपणासारखी चढलेली, हात लावू नका, कंद विषारी आहे. मध्येच वानरांनी एकदम खर्र खर्र आवाज सुरू केला आणि काकांनी हात वर केला. सगळी वानरं एकाच नाल्याकडं बघत होती. आम्ही बराच वेळ तसेच उभे, काही बाहेर आलं नाही, पण काका म्हणले आत कोणीतरी आहे, चला, त्याची वाट सोडू.

धबधब्यापाशी मात्र जीव खालीवर झाला. गाडीचे दरवाजे उघडून फुल्ल आवाजात गाणी, दगडावर कुरकुऱ्याची पाकिटं. दोन पोरांना मी नीट बोललो, दादांनो पिशवीत भरून न्या, त्यांनी उचललं पण, बाकीच्यांचं आम्हीच गोळा केलं. आपलाच मराठवाडा दुष्काळाचा, एवढं एक हिरवं उरलंय, त्याला तरी जपा ना राव, पोटतिडकीनं सांगतोय.

जेवताना काकांनी वाघाचं सांगितलं. २०२१ च्या मार्चमध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, १९४० नंतर पहिल्यांदाच. अंगावरच्या पट्ट्यांवरून कळलं की यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला आहे, तीनशे किलोमीटरच्या वर चालत आलेला, म्हणजे शेतं, रस्ते, गावं ओलांडून. एवढ्या वाटेत लपायला त्याला झाडी, नाले, ओढे सापडले म्हणूनच पोचला तो. धुऱ्यावरची बाभूळ तोडताना हे माझ्या डोक्यात राहील.

दुपारनंतर पितळखोऱ्याच्या लेण्या घाईत बघितल्या, पायऱ्या खाली उतरायच्या अन् चढून यायच्या, गुडघे दुखत असतील तर वेगळा दिवस ठेवा. तिथली यक्षाची प्रसिद्ध मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जागेवर शोधू नका.

कपडे मळखाऊ, पूर्ण बाह्यांचे अन् बूट बांधायचे घाला, गवतात गोचीड असते. काकांना पैसे आधी ठरवून द्या, घासाघीस करू नका, दिवसभर त्यांच्याच डोळ्यांनी बघतो आपण. निघताना त्यांनी सांगितलं की बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावरून प्राणी मोजतात, त्याला नाव नोंदवता येतं. वनखात्याच्या कार्यालयात चौकशी मी करून आलोय, पोरीची परीक्षा तोवर झालेली असते, त्यामुळं दोघांची नावं देणार आहे.