स्वयंपाकघरातला सिमेंटचा ओटा: माझा अनुभव

“ताई, ग्रॅनाइट टाका, दोन दिवसांत काम मोकळं,” असं आमचे मिस्त्री शेवटपर्यंत म्हणत राहिले. खर्चाच्या हिशोबात त्यांचंच बरोबर होतं. सिमेंटचा ओटा स्वस्त पडतो या समजुतीने कुणी याच्या वाटेला जाऊ नये. साहित्य किरकोळ, पण मजुरी आणि घोटाई ग्रॅनाइटला मागे टाकते. मला मात्र पांढऱ्या जमिनीत काळी खडी दिसणारा, जुन्या मोझॅकसारखा ओटा हवा होता, आणि तसा तयार मिळत नव्हता.

खरा प्रश्न मजबुतीचा नव्हताच. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि आंबट पदार्थ तो खातात. आपल्या स्वयंपाकघरात लिंबू, चिंच, कोकम रोजचं, वर हळद. म्हणून आधी डब्यांच्या झाकणांत छोटे नमुने ओतले आणि ते सासूबाईंच्या ताब्यात दिले. त्यांनी त्यांवर आगळ (कोकमाचा आंबट रस) सांडलं, लिंबाची फोड पालथी ठेवली, फोडणीचं तेल ओतलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. कोरा नमुना लिंबाखाली पांढरट, खरखरीत झाला. हळद आत उतरली. उन्हात ठेवल्यावर फिकी पडली, पण ओट्यावर ऊन कुठून आणणार? आत मुरणारं सीलर तेलाला बऱ्यापैकी अडवत होतं, आंबटाला नाही. दोन घटकांचं मॅट पॉलियुरेथेन कोटिंग दोन्हींना पुरून उरलं. फक्त गरम कढईचा डाग त्यावर पडला. “कढई तिवईवर ठेवू की, त्यात काय,” असं सासूबाई म्हणाल्या आणि निवड झाली.

नमुन्यांमुळे खडीचाही निकाल लागला. मोझॅकला सहसा संगमरवराच्या चिप्स घालतात, पण संगमरवरही लिंबाने मरतो. आपला काळा पाषाण अशा आंबटाला दाद देत नाही आणि घोटल्यावर छान तकाकतो. तेव्हा क्रशरवरची बारीक काळी खडी आणली, धुऊन वाळवली.

घनमीटरला सुमारे २४०० किलो धरले, तर सहा फूट बाय दोन फूट, ४० मिलिमीटर जाड फरशी शंभर किलोच्या वर जाते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून दोन तुकडे करायचे आणि ते खाली पार्किंगमध्ये ओतायचे ठरलं.

साचा गुळगुळीत फिल्म असलेल्या प्लायचा. ओतायचं उलटं: तळाला जे लागतं तेच पुढे वर येतं. त्यामुळे साच्याच्या कोपऱ्यांत सिलिकॉनची रेघ ओढून बोटाने फिरवली की ओट्याची कड आपोआप गोल होते. सिंकच्या जागी थर्माकोलचा ठोकळा. भेगा नेहमी सिंकच्या आतल्या कोपऱ्यांतून सुटतात, म्हणून लोखंडी जाळीच्या जोडीला तिथे ६ मिलिमीटरच्या तिरक्या सळया टाकल्या. आधी पांढऱ्या सिमेंटचा खडीवाला थर, तो ओला असतानाच जाळी, मग साधं काँक्रीट. पाणी कमी आणि प्लॅस्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारं रसायन) घातलेलं. मिस्त्री “अजून थोडं पाणी” म्हणत होते, मी बादलीच हलवली. साच्याला बाहेरून व्हायब्रेटर लावून हवा काढली. वरची, म्हणजे उलटल्यावर खाली जाणारी, बाजू ओली असताना पुढच्या कडेलगत सळई दाबून एक खाच घेतली, नाहीतर ओट्यावरचं पाणी खाली कपाटात उतरतं.

मग गोणपाट आणि पाणी. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओलावा ठेवायला सांगतं. आम्ही मोठा आकडा पाळला.

घोटाई हेच खरं काम. ५० नंबरच्या, म्हणजे भरड, डायमंड पॅडने सुरुवात केली तेव्हा खडी उघडी पडली, आणि सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकंही दिसली. ती पांढऱ्या सिमेंटच्या राबडीने भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायचं. १००, २००, ४०० असं चढत गेलो. त्याहून वरची चकाकी घेतली नाही, कोटिंगला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. सगळं पाण्यावरच घासलं, कारण कोरडी धूळ फुप्फुसात जाते. पाणी आणि वीज एकत्र म्हणून मशीन आरसीसीबीच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) लाइनवर. निघालेला चिखल मोरीत सोडू दिला नाही. तो पाइपात घट्ट होतो.

जिन्यावरून तुकडे उभे धरूनच नेले. आडवे नेले असते तर सिंकपुढची अरुंद पट्टी मोडली असती. जुने कडप्प्याचे पाय तसेच ठेवले होते, पण पाणसळ लावल्यावर भिंतीकडचा एक पाय खाली निघाला. पॅकिंग देऊन सारखा केला. सिलिकॉनच्या ठिपक्यांवर फरशी बसवली, दोन तुकड्यांमधला सांधा रंग जुळवलेल्या इपॉक्सीने भरला. जवळ गेल्यावर सांधा दिसतो. दिसू दे.

आता शेगडीच्या डाव्या अंगाला कोटिंग निस्तेज व्हायला लागलंय, कारण तिवई असली तरी घाईत कोण वापरतं! तिथे हलकं घासून पुन्हा कोट द्यावा लागेल आणि तो पक्का होईपर्यंत ओटा वापरता येणार नाही. दिवाळीचा फराळ आटोपल्याशिवाय हे सासूबाईंपुढे काढायची माझी हिंमत नाही.