फाळक्यामागून पाहिलं तेव्हा

तात्यांची पिकअप एकाच सीझनमध्ये तिसऱ्यांदा दारात उभी राहिली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे 60 क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेज उतरायचा आणि वाशीला माल टाकून रिकामं परतायचं, हा त्यांचा धंदा. माझं गॅरेज वाटेतच पडतं.

"मेस्त्री, डावा पुढचा टायर परत आतून खाल्ला. आणि स्टेअरिंग डावीकडं धरून ठेवलं तरच सरळ चालते, सोडलं की उजवीकडं पळते."

दोन वेळा मशीनवर अलाइनमेंट झालं होतं. पुढच्या दोन चाकांचं. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत ते माप, बरोबर असल्याचा कागद अजून त्यांच्या केबिनमध्ये होता. टायर मात्र त्या कागदाला जुमानत नव्हता. मी गाडी आत घेतली नाही. बाहेरच्या सपाट कोब्यावर उभी करून मागं गेलो आणि फाळक्यासमोर उकिडवा बसलो. हौदा डावीकडं झुकलेला होता. इतका स्पष्ट, की आधी का दिसला नाही याचीच मला लाज वाटली.

चारही टायरची हवा सारखी केली. चारही कोपरे दाबून गाडी झुलवली, दहा पावलं पुढं-मागं ढकलली. जॅकवरून उतरलेली गाडी तशीच मोजली तर आकडा खोटा येतो, कारण चाकं जागेवर बसलेली नसतात. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावला. पुढं डावं-उजवं फक्त 3 मिलिमीटरचा फरक. मागं डावं उजव्यापेक्षा 26 मिलिमीटर खाली.

आता मागचा भाग चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मधल्या आडव्या पट्टीला जॅक लावून, अगदी मध्यभागी, थोडा उचलला. असं केलं की मागच्या पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी स्प्रिंगांचा, झुकाव पुढं पोचत नाही आणि पुढचा भाग आपला आपण उभा राहतो. पुन्हा टेप लावला, तर पुढची डावी बाजू 20 मिलिमीटर वर!

ती 20 मिलिमीटर कुठून आली, मला लगेच आठवलं. या गाडीला पुढं टॉर्शन बार आहेत. चेसिसच्या कडेनं जाणारी लांब लोखंडी सळई पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करते आणि तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की तो कोपरा वर येतो. दिवाळीच्या गर्दीत तात्या "डावीकडं बसल्यासारखी वाटते" म्हणत आले होते, तेव्हा तो बोल्ट मीच आवळला होता. मागं वाकून पाहिलं नव्हतं. रिकामी गाडी पुढून सरळ दिसली आणि मी ती सोडून दिली. माल भरला की डावा मागचा कोपरा खचायचा, गाडी त्या अंगावर कलायची आणि पुढचं डावं चाक वरून आत झुकून टायरची आतली कड घासायची. मशीनवर गाडी रिकामीच चढते, तिथं हे दिसणार कसं?

पण स्टेअरिंगचं कोडं सुटलं नव्हतं. ओळंबा सोडून चारही चाकांचे मध्य कोब्यावर खडूनं उतरवले. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर डावीकडं 12 मिलिमीटरनं जास्त. मागची दोन चाकं धरणारा ॲक्सल तिरका! म्हणूनच गाडी उजवीकडं पळत होती. पाट्यांवरचा चिखल खरवडला. पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या कडेला दुसऱ्या पाट्यावर तांबूस रेघ होती. खोललं तेव्हा पाटा दोन तुकड्यांत हातात आला आणि सेंटर बोल्ट तुटलेला निघाला. ॲक्सलच्या बैठकीवर पाटा सरकल्याची चकचकीत घासण होती.

सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसतं, म्हणून ॲक्सल जागा सोडत नाही. तो तुटल्यावर डावी बाजू केवळ यू-बोल्टच्या आवळीवर उभी होती. घाटात ब्रेक लागला की ती कणाकणानं मागं सरकत होती.

तात्या तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत राहिले. "म्हणजे माळशेज मी असाच उतरत होतो?"

"हो. आणि दिवाळीत मी मागं पाहिलं असतं तर कदाचित तेव्हाच सापडलं असतं. चूक माझी आहे, तात्या."

"आता काय करायचं ते सांगा."

पाटेवाल्याकडं दोन्ही बाजूंचे संच नेले. उजव्याचीही कमान सपाट झाली होती, एकच बाजू नवी केली असती तर गाडी दुसरीकडं कलली असती. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश सगळं नवं घातलं. जुना यू-बोल्ट ताणलेला असतो, तो मी कधीच परत वापरत नाही. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. टॉर्शन बारचा बोल्ट चाक उचलून सैल केला, उंची जमवली. खडूच्या खुणा पुन्हा मोजल्या. दोन्हीकडचं अंतर सारखं आल्यावरच गाडी अलाइनमेंटला पाठवली. मजुरी मी घेतली नाही. तात्यांनी दोनदा आग्रह केला, मग ऐकलं.

नवे पाटे पहिल्या भारानं जरा बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून वाशीहून परतताना थांबायला सांगितलं होतं. पहाटे पाचला शटरवर थाप पडली. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. आठही नटांनी थोडी थोडी आवळ घेतली, डाव्या बाजूच्या मागच्या दोघांनी जरा जास्त.

"स्टेअरिंग?" खालूनच विचारलं.

"मधोमध," तात्या म्हणाले.