आमची वाटचाल : लग्नातल्या स्टीम कॉफीपासून विश्रामबागच्या कॅफेपर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो स्टीम कॉफीच्या स्टॉलवर. सांगली-मिरजेच्या मंगल कार्यालयात जेवण झालं की पानाच्या टेबलाशेजारी जिथं गर्दी होते ना, तोच. खाली गॅस, वर टाकी, प्रेशरचा काटा, आणि कपातल्या दुधात नळी बुडवून वाफ सोडली की फेस वर येतो, त्यावर चॉकलेट पावडर भुरभुरायची. वडिलांनी ते मशीन जुनंच घेतलेलं, वॉशर आणि नळ्या बदलत बदलत अजून चालू आहे, विकायला मागितलं तर देणार नाही.

त्यातनंच सांगलीच्या विश्रामबागला गाळा घेतला, कर्ज काढून दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं, एस्प्रेसो मशीन आणलं, वेगळा ग्राइंडर आणला, चिकमंगळूरची बी मागवायला लागलो. मधली वर्षं बरी गेली. महापूर, लॉकडाऊन सगळ्यांनीच बघितलं, आम्हीपण त्यातनं निघालो.

खरा घाव बसला तो नंतर. आमच्याच रस्त्यावर एका फास्ट फूड चेनचं दुकान होतं, बर्गर आणि फ्राइज, त्याचा आम्हाला काही त्रास नव्हता, उलट पोरं तिकडं खाऊन कॉफीला आमच्याकडं यायची. मग त्यांनी दुकानातच एका बाजूला कॉफीचा काउंटर टाकला, सोफे, एसी, वेगळा बोर्ड, आणि बर्गरबरोबर घेतली तर कॉफी जवळजवळ फुकटच. चार ते सातची कॉलेजची गर्दी म्हणजे आमचा जीव, ती महिन्याभरात गेली. आम्ही शिकवून तयार केलेली दोन पोरं त्यांनी जास्त पगार देऊन उचलली, आणि गाळामालक म्हणाले, एवढा मोठा ब्रँड शेजारी आहे म्हटल्यावर भाडं वाढणारच. ते अजून विसरलेलो नाही.

हे काही सांगलीतच घडलं असं नाही. मॅकडोनल्ड्सनं १९९३ ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पहिलं मॅककॅफे काढलं, भारतात मुंबईला २०१३ ला आणलं, पुढं बर्गर किंगनं बीके कॅफे काढलं. आमच्या शेजारची चेन यातली नव्हे, पण हिशोब सगळ्यांचा एकच. दुपारचं जेवण संपलं की रात्रीपर्यंत त्यांचं किचन आणि खुर्च्या रिकाम्या, भाडं आणि लाईटबिल मात्र चालूच. त्या वेळेत कॉफी विकली की वरचा पैसा सुटतो, कॉफीत मार्जिनपण चांगलं. म्हणजे त्यांच्या कॉफीचं भाडं बर्गर भरतो, आणि आमच्या कॉफीला स्वतःचं भाडं स्वतःच काढावं लागतं. भाव पाडून आम्ही कधीच जिंकणार नव्हतो.

हप्ते थकले, बँकेतनं फोन यायला लागले. एस्प्रेसो मशीन विकायला काढलं, कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक बघूनपण गेलं. त्या वेळी अण्णा आले. अण्णा म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, बिनसाखरेची फिल्टर कॉफी, खाली उभं राहूनच पिणार, हाताला कायम हळदीचा पिवळा रंग. ते म्हणाले, "मशीन काढू नका हो, उद्यापासून सौद्याला कॉफी पाठवा, व्यापारी बाहेरगावचे असतात, चांगलं पाजू त्यास्नी." तेव्हापासून सौद्याच्या, म्हणजे हळदीच्या लिलावाच्या, दिवशी स्टीलचे थर्मास भरून जायला लागले, मग शेजारच्या अडत्यांच्या पेढ्यांनी मागवली, मग एका बँकेच्या मीटिंगला. अण्णांनी पैसे एक तारखेला दिले, कधी मागावे लागले नाहीत. त्या थर्मासांनी आमचे हप्ते भरले.

नव्यानं कॅफे टाकणाऱ्यांना सांगतो. मशीनवर पैसे घाला, पण त्याआधी पाण्यावर घाला. बोअरचं पाणी सरळ जोडलं की बॉयलरला क्षार धरतो, सॉफ्टनर लावाच. ग्राइंडर चांगला घ्या, मशीन भारी आणि ग्राइंडर हलका असला की कॉफी कधीच बसत नाही. आम्ही १८ ग्रॅम पावडर टाकून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढतो, २५ ते ३० सेकंदात यायला पाहिजे, पावसाळ्यात हवा दमट झाली की दळण रोज सकाळी चाखून बदलावं लागतं. चेनवाल्यांकडं बहुतेक बटण दाबायचं मशीन असतं, हे करायला तिथं कुणी उभं नसतं. दूध साठ-पासष्ट डिग्रीच्या वर नेऊ नका, गोडवा जातो. आणि गाळ्याचा करार किमान पाच वर्षांचा, भाडेवाढ आधीच लिहून, रजिस्टर करून घ्या, तोंडी काही धरू नका.

तो काउंटर अजून आहे, आम्हीपण आहोत. गेलेल्या पोरांतला एक परत आलाय, आता सकाळचा काउंटर तोच बघतो. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय, मिरज आणि इस्लामपूरच्या तारखा भरत आल्यात, स्टॉल पाहिजे असेल तर दुकानात येऊन आधी सांगा, वडिलांचं मशीन एकच आहे.