पिल्लू उचलून का नाही आणलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही एकट्यांनी नाही विचारलंत म्हणा. शाळेत, निसर्ग मंडळात, कधी महिला मंडळात मला वानरांवर बोलायला बोलावतात, मी छोटूची, लवकर दूध तुटलेल्या एका वानरपिल्लाची, गोष्ट सांगते आणि शेवटी हात वर होतोच: "एवढं रडत होतं, तर उचलून का नाही आणलंत?" नाशिकला एक आजी चपला घालता घालता म्हणाल्या, "म्हणजे तुमचा अभ्यास झाला, बाळ गेलं." त्यांना मी कायद्याचं उत्तर दिलं. १९७२ चा वन्यजीव कायदा, पिल्लू उचलणं गुन्हा, वगैरे. उत्तर खोटं नाही. पण जोधपूरच्या त्या टेकडीवर तेव्हा माझ्या डोक्यात कायदा अजिबात नव्हता.

श्रोत्यांपैकी कुणीतरी हौदातली माकडीणही काढतंच. पाणी नाकाशी आलं की पिल्लाला पायाखाली घेणारी. ती गोष्ट रचणाऱ्यानं माकडीण बघितली असेल, पण बसून बघितली नसेल. मेलेलं पिल्लू सुकून चामडं होईपर्यंत छातीशी धरून हिंडणाऱ्या वानरी मी पाहिल्या आहेत. छोटूच्या आईनं मात्र त्याला उचललं नाही. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की सभागृहात लगेच "बघा!" होतं.

दूध 'लवकर' तोडलं असं आपण म्हणतो तेव्हा कशाच्या आधी? जोधपूरला मंगळवार-शनिवारी लोक हनुमानाच्या नावानं गूळ-चणे, पोळ्या, भाजी घेऊन येतात. तिथल्या वानरी साधारण १३ महिन्यांत पिल्लाला अंगावरून तोडतात. नेपाळच्या रामनगरात सालाचं जंगल आहे, आयतं खाऊ घालणारं कुणी नाही. तिथे पिल्लू जवळजवळ दोन वर्षं पितं. मग जोधपूरच्या आया दुप्पट निर्दय का? उलट आहे. बऱ्याच माकडांमध्ये पिल्लाचं वजन जन्मवजनाच्या चौपट झालं की दूध तुटायच्या बेतात येतं, आणि भरल्या पोटाच्या आईचं पिल्लू तिथवर लवकर पोचतं. पिणं कमी झालं की आईचं शरीर पुढच्या गर्भाला मोकळं होतं, कारण सारखं चोखणंच तिची पाळी रोखून धरत असतं. हे सुबत्तेतलं 'लवकर'. पिल्लू किंचाळतं, आईला थपडा मारतं, जमिनीवर लोळण घेतं आणि महिन्याभरात पाला ओरबाडायला लागतं. तो तमाशा बघून कुणी हळहळलं तर मी हसते.

छोटूचं 'लवकर' दुसऱ्या जातीचं होतं.

१९९३. मी २३ वर्षांची, साताऱ्याहून एका हंगामापुरती मदतनीस म्हणून गेलेली. मारवाडी कळत नव्हतं, ऊन सोसत नव्हतं. टोळी दाखवायला आणि ओळखायला शिकवायला एक स्थानिक गृहस्थ होते, त्यांना सगळे काकोसा म्हणत. मला ते बाईसा म्हणायचे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेरच्या नरांच्या टोळक्यानं हल्ला केला, जुना नर हाकलला गेला, आठवड्याभरात आलेल्यांपैकी एकजण मालक झाला. पुढचं तुम्हाला माहीत असतं: नवा नर तान्ही पिल्लं मारतो. १९६२ मध्ये धारवाडजवळ जपानी संशोधकांनी ते पाहिलं, तेव्हापासून वाद चाललाय, सगळ्यांना तेवढंच ऐकायचं असतं. आमच्या टोळीतली दोन काळी पिल्लं पंधरवड्यात नाहीशी झाली. छोटू सात महिन्यांचा होता. अंगावरचा काळा रंग जाऊन भुरा झालेला, म्हणून वाचला, असं आम्ही म्हणालो. वाचला हा शब्द माझ्या वहीत आहे, खाली रेघ मारून.

फेब्रुवारी सरता सरता त्याची आई नव्या नरासमोर मान हलवत पाठमोरी बसायला लागली (वानरीचं मिलनाचं आमंत्रण असतं ते) आणि छोटूला दूध मिळेनासं झालं. तिनं मारलं नाही फारसं. ती नुसती उठून जायची. तो पोचायचा, ती पुढच्या दगडावर. तो पुन्हा पोचायचा, ती हात आडवा धरून छाती झाकायची. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी असत. मार्चअखेरीला माझ्या रकान्यांत एकामागून एक शून्यं दिसतात. एक म्हातारी वानरी त्याला मांडीत बसू द्यायची. वानरांत मावश्या-आत्यांची कमी नसते, दुधाची असते. पोळ्यांच्या दिवशी मोठे सगळं ओढून न्यायचे, याच्या हाती काही लागायचं नाही. किंचाळून किंचाळून आवाज बसला. मग तो आवाज न काढताच तोंड उघडायचा.

आता जे कुठल्याच कार्यक्रमात सांगितलं नाही ते सांगते. मी काहीच केलं नाही असं तुम्ही धरून चालता. मी केलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, चहासाठी बाटलीत नेलेल्या दुधात पोळी भिजवून मी ती कुमट्याच्या झाडाखाली दगडावर ठेवली. चार दिवसांत तीनदा. त्यानं खाल्ली. पहिल्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो, इतका की सांगायला लाज वाटते. वहीत नोंद केली नाही. काकोसा लांब बसून विडी ओढत होते. उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "लिख लिया, बाईसा?" मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी छोटू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, शेपटी घाणीनं माखलेली. सहाव्या दिवशी सकाळी तो त्याच झाडाखाली पडला होता. आई वीस पावलांवर नव्या नराच्या पाठीतल्या उवा काढत होती.

वानराचं पोट गाईसारखं कप्प्यांचं असतं, पाला आंबवणारं. त्यातले जंतू हळूहळू बसतात, दूध आणि कोवळा पाला महिनोन् महिने बरोबरीनं चालू असताना. दूध अचानक बंद झालेल्या पिल्लाच्या पोटात मी गव्हाची पोळी आणि गाईचं दूध घातलं. त्यानं तो गेला का? टोळीतले सगळे त्याच पोळ्या खात होते. तो तसाही गेला असता का? सहा आठवडे दूध जवळजवळ नव्हतंच. मी स्वतःला दोन्ही बाजूंनी वकील दिलेत, दोघेही चांगले आहेत.

वहीच्या शेवटच्या पानावर तेवीस वर्षांच्या मीनं लिहून ठेवलंय: 'आई क्रूर नाही, हिशेबी आहे. हातचं सोडून पुढचं धरते.' केवढा आत्मविश्वास! तेव्हा मला ते वाक्य शास्त्रीय वाटलं होतं. आता वाटतं, ती हौदातली माकडीणच, फक्त विद्यापीठातून आलेली. हिशेब करायला दोन पर्याय तरी हातात हवेत. तिचं दूध तिनं थांबवलं की नव्या गर्भामुळे आटलं, की नराच्या धास्तीनं ती टोळीच्या कडेकडेनं राहून उपाशी होती, हे माझ्या रकान्यांतून कळत नाही. मी पिल्लाचं तोंड मोजत होते. तिच्या खाण्याचा रकानाच नव्हता.

नंतर केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवरचं संशोधकांचं काम वाचलं. बालपणीचे आघात मोजताना त्यांनी दुष्काळ आणि आईचा मृत्यू यांच्या रांगेत पाठचं भावंड फार लवकर येणं हेही धरलंय. असे तीन किंवा जास्त आघात वाट्याला आलेल्या माद्या सुमारे १० वर्षं आधी मरतात, हे २०१६ मध्ये आलं. २०१९ मध्ये त्याहून वाईट: ज्या मादीच्या पाठीवर घाईनं भावंड आलं, ती मोठी झाल्यावर तिची पिल्लंही कमी जगतात. ते वाचलं त्या रात्री मी वही काढली. छोटूच्या आईचं बालपण कसं गेलं होतं? तिच्या जन्माची नोंद नाही. ती आमच्या यादीत आली तीच मोठी होऊन.

उचलून आणलं असतं तर, असं विचारता ना? खोलीवर आणून मी त्याला काय पाजलं असतं, तेच ना, जे दगडावर ठेवलं? आणि जगला असता तर साखळीला बांधलेला वानर झाला असता. हे बोलते तेव्हा मला माझंच पटतं. आजींचा चेहरा आठवला की नाही पटत.

मेमध्ये मी परत आले. डिसेंबरात काकोसांचं पोस्टकार्ड आलं, मोडक्या हिंदीत, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पाऊस बरा झाला, अमुकचं लग्न झालं, आणि छोटूच्या आईला बच्चा झालाय, काळा, तगडा. वानरीचे दिवस साधारण २०० भरतात. पिल्लू सप्टेंबरचं असेल तर फेब्रुवारीअखेर ती गाभण होती आणि दूध त्यामुळेच तुटलं. नोव्हेंबरचं असेल तर छोटू मेल्यावरच तिला दिवस गेले. पाच महिन्यांपर्यंतचं पिल्लू काळंच दिसतं. कार्डावर महिना नव्हता. मी उलट टपाली विचारलं होतं, कधी झालं म्हणून. उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं नाही.