बेस झाला, ट्विटर झाले. आता मिडचं बघा

लातूर असो की नांदेड, कार डेकोरच्या दुकानात गिऱ्हाईक आधी विचारतं ते वूफरचं, म्हणजे बेसच्या स्पीकरचं. बारा इंची घेऊ का पंधरा, किती वॉटचा. मग बारीक आवाजाचे ट्विटर. मधला स्पीकर, म्हणजे मिड, दुकानदार देईल तो. घरी येताना कीर्तन लावलं की टाळ कानात टोचतात, पखवाज डिकीत घुमतो आणि अभंगाचे शब्द मात्र कळत नाहीत. शब्द मिडमध्ये असतात. साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ हा मिडचा पट्टा. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी पलीकडचा माणूस आवाजावरून ओळखू यायचा.

आमचं मत सरळ आहे. मिडला झेपेल तेवढाच पट्टा द्या, मग मध्यम किमतीचा स्पीकरही स्वच्छ बोलतो. पट्टा चुकला तर दहा हजारांचा जोडही चिरकतो.

आधी आकार. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो आणि मिडबेस (बेस आणि मिडच्या मधला पट्टा), मिड दोन्ही त्याच्याच गळ्यात पडतात. त्याच्या कोनचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटर. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे २,६०० हर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी कोनच्या रुंदीएवढी होते. त्याच्या वरचा आवाज पसरत नाही, समोर झोतासारखा जातो. दारातल्या स्पीकरसमोर तुमचा गुडघा असतो, कान नव्हे. म्हणून हा स्पीकर २,५०० च्या वर नेऊ नये आणि पुढचं ट्विटरनं उचलावं. पण स्वस्त ट्विटरचा स्वतःचा अनुनाद (जिथे तो आपोआप जास्त हलतो ती फ्रिक्वेन्सी) दीड-दोन हजार हर्ट्झवर असतो. त्याला अनुनादाच्या दुपटीच्या खाली कापलं, म्हणजे तिथून वरचं सगळं दिलं, की तो फाटतो, किंवा कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जाते. मग लोक ट्विटर चार हजारांवर कापतात आणि मध्ये खड्डा राहतो. शब्दातली व्यंजनं नेमकी त्या खड्ड्यात पडतात.

इथे तीन किंवा चार इंची वेगळा मिड कामाला येतो. तीन इंचीच्या कोनचा हलणारा भाग सहा सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तो साडेपाच हजारांपर्यंत आवाज नीट पसरवतो. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा काचेशेजारच्या पिलरवर बसवला की आवाज गुडघ्यावरून वर, समोर येतो. त्याला बंद पोकळी हवी. अर्धा ते एक लिटर, हवाबंद, आत उशीतला फायबर हलका भरलेला. उघड्या पाठीचा मिड वूफरच्याच पेटीत ठोकणारे कारागीर अजून आहेत. तिथे वूफरचा दाब मिडचा कोन मागून ढकलतो आणि आवाज थरथरतो. एकाच पेटीत बसवायचंच असेल तर मिडमागे बंद डबा लावून घ्या.

खोक्यावरचे आकडे वाचताना ‘मॅक्स’ सोडून द्या, आरएमएस (सतत झेपणारी पॉवर) बघा. डेकवरच्या (डॅशबोर्डातल्या स्टिरिओवरच्या) ‘५० गुणिले ४ वॉट’वरही जाऊ नका. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतात. डेकच्या आतला ॲम्प तेवढ्यावर चार ओहममध्ये गणितानंच २६ वॉटच्या पुढे स्वच्छ सूर देऊ शकत नाही आणि प्रत्यक्षात पंधरा-वीसवर थांबतो. डेकवरच चालवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती आवाज येतो ते) ८९-९० डेसिबलची घ्या. चॅनलला ५० वॉट आरएमएसचा ॲम्प असेल तर ८६-८७ पण चालते.

जीपला किंवा ट्रॅक्टरला बसवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे केबिन बंद नाही, इंजिन शेजारी, वारा वरून. अशा ठिकाणी ९५-९८ डेसिबलचे पीए (सभेच्या लाउडस्पीकरचे) मिड बरोबर ठरतात. ८८ च्या जागी ९८ म्हणजे तेवढ्याच आवाजाला दहावा हिस्सा पॉवर. त्याची किंमत अशी की सस्पेन्शन कडक, कोन हलतो थोडाच, अनुनाद वर. दीडशे-दोनशेच्या खालचं त्यांच्याकडून मागू नका. पीए मिड बरेचदा आठ ओहमचे येतात. दोन समांतर जोडले की ॲम्पला चार ओहम दिसतात. काचा बंद असलेल्या छोट्या कारमध्ये मात्र हे मिड घेऊ नका, तासाभरात कान दुखतो.

कोनचं साहित्य हा हौसेचा विषय आहे, दुकानात त्यावर तास जातो. थोडक्यात सांगायचं तर लेप दिलेला कागद आवाजाला सगळ्यात मोकळा, पॉलिप्रॉपिलिन पाण्याला निर्धास्त पण जरा मऊ बोलणारा, ॲल्युमिनियम वरच्या टोकाला किणकिणतो, तिथे कापावाच लागतो. कडेची रिंग फोमची नको, रबराची घ्या. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत फोम लवकर भुसभुशीत होतो.

बसवणं. काच पूर्ण खाली घ्या आणि पट्टीनं दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली मोजा. मॅग्नेटच्या मागे निदान पाच मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. खोली कमी असेल तर १२ मिलिमीटर मरीन प्लायची रिंग लावा. एमडीएफची लावली तर पहिल्या पावसाळ्यात ती फुगते आणि स्क्रू सैल होतात. मग दाराची भोकं बुजवण्याचं काम. कोनच्या मागचा आवाज पुढच्याला उलटा असतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं उघडी राहिली की दोन्ही भेटतात आणि मिडबेस गायब होतो. ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यावर ब्युटिल शीट लावून भोकं बुजवा. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, तेवढी सोडा. कंपनीचा प्लास्टिक कागद फाडून टाकणारा फिटर असेल तर त्याला तिथेच थांबवा. काळ्या मातीची धूळ त्याच वाटेनं आत शिरते आणि हळूहळू कॉइलच्या फटीत बसते. धूळ बसली का ते बघायला स्पीकर काढून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि हळूच, सारखं दाबा. आत वाळू घासल्यासारखी खरखर लागली तर तो स्पीकर गेला, ट्युनिंगनं सुधारणार नाही.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या स्पीकरला कोणता पट्टा द्यायचा ते कापणारा फिल्टर. सगळ्यात जास्त मिड इथे मरतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की कोनला चौपट हलावं लागतं. ३०० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणारा तीन इंची मिड १५० हर्ट्झला तोच आवाज द्यायला दोन मिलिमीटर हलेल. बहुतेकांची तेवढी ऐपत नसते. म्हणून खालचा कट अनुनादाच्या निदान दुपटीवर. अनुनाद १३० असेल तर २६० च्या वर. ३०० वर ठेवा, उतार (कटच्या पुढे दर सप्तकाला आवाज किती घटतो तो) २४ डेसिबलचा. दारातल्या साडेसहा इंचीला ८० हर्ट्झ पुरे, खालचं वूफरला द्या.

तारेत नुसता कॅपॅसिटर घालून हे काम होत नाही. चार ओहमला ३०० हर्ट्झसाठी १३३ मायक्रोफॅरडचा, तोही नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) लागतो, आणि उतार फक्त सहा डेसिबलचा मिळतो. वर अनुनादाजवळ स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) वाढतो आणि कॅपॅसिटर जिथे अडवायला हवा तिथेच ढिला पडतो. ॲम्पमधला हायपास (खालचं अडवणारा फिल्टर) वापरा, परवडत असेल तर डीएसपी (आवाजाचा डिजिटल प्रोसेसर) घ्या.

१२ डेसिबलच्या उतारावर कटच्या ठिकाणी दोन स्पीकर एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये येतात (एकाचा कोन पुढे तेव्हा दुसऱ्याचा मागे), तिथे एकाच्या तारा उलट्या कराव्या लागतात. २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली नावाच्या फिल्टरमध्ये ही भानगड नाही. गाडीत अंतरंही आड येतात, तेव्हा नुसत्या हिशेबावर विसंबू नका. एकट्या माणसाचं बोलणं लावा, ट्विटरच्या तारा एकदा सरळ, एकदा उलट्या जोडा. ज्यात आवाज भरीव वाटतो ती जोडणी ठेवा.

ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे, तो डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद, ॲम्पचा फिल्टर ‘फुल’वर, डेकचा आवाज पाऊण. स्पीकरच्या तारा ॲम्पवरून काढा. ४०० हर्ट्झचा शून्य डेसिबल (डिजिटल फाइलची कमाल पातळी) टोन लावा. स्वस्त मल्टिमीटरचा एसीचा भरवसा साधारण तिथपर्यंतच असतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या टोकांना लावा. ५० वॉटला चार ओहमवर १४.१ व्होल्ट येतात (वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ). गेन हळूहळू वाढवा, तो आकडा आला की हात काढा. पुढे मिड ट्विटरवर चढत असेल तर फक्त कमी करायचा. फिल्टर परत लावायला विसरू नका.

मग वेळ जुळवणं. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून उजवा मिड जवळ आणि सगळं गाणं उजव्या खिडकीत अडकतं. नाकापासून दोन्ही मिडपर्यंत टेप धरा. समजा उजवा ७० सेंटिमीटर, डावा १२५. फरक ५५; एका मिलिसेकंदात ध्वनी ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला १.६ मिलिसेकंद उशीर द्या. गायक स्टिअरिंगच्या पुढे, काचेजवळ उभा राहिला की जमलं.

इक्वलायझर शेवटी, आणि कापण्यासाठी. तीन डेसिबल वाढवणं म्हणजे दुप्पट पॉवर मागणं. आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला तर २५० ते ३५० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा, तिथे बहुधा दार गुंजत असतं. नाकात बोलल्यासारखा असेल तर ८०० ते १,२०० बघा. हार्मोनियमचे वरचे सूर टोचत असतील तर अडीच ते चार हजार. फोनवरच्या ॲपमध्ये आलेखाला खोल खड्डा दिसला आणि वाढवूनही भरला नाही तर सोडून द्या. तो परावर्तनानं आवाज कटल्याचा खड्डा आहे, त्यात पॉवर ओतून कॉइलच तापते.

हे सगळं गाडी उभी असताना. समृद्धीच्या काँक्रीटवर टायरचा आवाज खालचा मिड गिळतो, तेव्हा डीएसपीत दुसरा प्रीसेट करा आणि २०० ते ५०० मध्ये दोन डेसिबल वाढवून ठेवा. वाढवायला आमची परवानगी एवढ्याच ठिकाणी.

लांबच्या प्रवासात मोठ्यानं वाजवताना आवाज बसल्यासारखा वाटला तर व्हॉल्यूम चढवू नका. कॉइलचं तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्के वाढतो आणि आवाज पावणेतीन डेसिबलच्या आसपास उतरतो. दहा मिनिटं हळू वाजवा, परत येईल. नाही आला तर तार सोडवून मीटर ओहमवर लावा. चार ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.